पेट्यांत काय होतं

भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये
आम्ही ते नाटक पहिल्यांदा केलं तेव्हा
अमेरिका आमच्यापैकी कुणीच पाहिली नव्हती.
पार्सल ऑफिसातल्या सपकाळेंनी भाषांतर केलं,
रद्द पावत्यांच्या पाठीवर, कॉपिंग पेन्सिलीने.
मोटारीच्या जागी पॅसेंजर घातली,
थंडीच्या जागी आपलं ऊन.
बापाला मात्र हात लावावा लागला नाही, म्हणाले,
तो आधीच इथला होता.

मी विंगेत, स्टुलावर. प्रॉम्प्टिंगला.
पंधराचा बल्ब, मांडीवर वही,
आणि सगळ्यांची वाक्यं तोंडात, माझं एकही नाही.

पडदा उघडतो, बाप दौऱ्यावरून घरी येतो,
दोन्ही हातांत नमुन्यांच्या पेट्या;
आणि आमचे विसपुते त्या अशा घेऊन आले
जशा लग्नघरी पत्रावळी न्याव्यात.
तिसऱ्या रांगेतून आवाज आला,
"भाऊ, त्या पेट्या रिकाम्या शेतस!"
हॉल हसला. विसपुते जागीच थिजले.
मी पुढचं वाक्य दोनदा फेकलं,
तेही त्यांच्याच्यानं उचललं गेलं नाही.

मध्यंतरात तो माणूस मागच्या दाराने आला.
हिलाल लोटन बडगुजर. कुलपं विकायचा.
यावल, सावदा, चोपडा, धरणगाव, एरंडोल,
आठवडे बाजारांचे वार त्याला पाढ्यासारखे.
पहाटेची गाडी होती, म्हणून माल खुर्चीखाली घेऊनच
नाटकाला बसला होता.
"ह्या घ्या. रातीच परत द्या.
आणि उचलताना आधी श्वास सोडायचा, मग पेटी."

दुसऱ्या अंकात विसपुतेंनी त्या उचलल्या
आणि त्यांचा डावा खांदा आपसूक खाली गेला.
आत कुलपं एकमेकांवर वाजली,
तेवढ्यानेच हॉलमधलं शेंगा फोडणं थांबलं.
फायरमन, गार्ड, तिकीट तपासनीस,
बायका, कडेवरची पोरं,
कुणीच खोकलंसुद्धा नाही.
लोको शेडचा भोंगा झाला तो आमच्यातलाच वाटला.

नंतर हिलालभाऊ बाहेर पायरीवर दिसले,
चपला पायात न घालता हातात धरून.
म्हणाले, "ताई, शेवट बदला ना.
पोरं त्याच्याशी धड बोलली असती, तर..."
मग बराच वेळ यार्डाकडे पाहत राहिले.
"नको. ऱ्हाऊ द्या. मन्हा पोऱ्या बी कोठे बोलस."

त्यानंतर सहादा केलं आम्ही ते.
जळगावला स्पर्धेत पडलो, अमळनेरला वीज गेली,
धुळ्याला एक बाई शेवटचा प्रवेश संपल्यावर
स्टेजवर चढून बापाची खुर्ची पुसून गेली. का, कोण जाणे.
दर वेळी कुणीतरी सांगतं, हे आता जुनं झालं,
आणि दर वेळी पहिल्या दहा मिनिटांत
कुणाचा तरी बाप हॉलमध्ये येऊन बसतो.

यंदा दिग्दर्शिका तेजल सोनवणे, वय सव्वीस.
तिने विचारलं, "मॅडम, मूळ नाटकात पेट्यांत काय असतं?"
सांगितलं, शेवटपर्यंत कळत नाही.
ती पेनाचं टोपण चावत राहिली.
"आमचे पप्पा इन्व्हर्टर विकायचे," म्हणाली,
आणि जे पान कापायला आली होती ते तसंच ठेवून गेली.

पहिल्या प्रयोगाच्या रात्री पेट्या परत करताना
एक कुलूप विंगेत पडलं होतं, लागलेलं, किल्लीशिवाय.
यावलच्या बाजारात तीन शुक्रवार हिलालभाऊंना शोधलं.
आता पंख्याने पानं उडू नयेत म्हणून
वहीवर ठेवते ते.

आज रात्री साडेआठला पुन्हा.
बापाच्या कामाला सावळा नावाचा मुलगा आहे,
दिवसभर कुरिअरची पाकिटं वाटतो, थेट तालमीला येतो.
काल त्याला पेटी उचलायची रीत सांगायला उठले.
त्याने आधी श्वास सोडला.
मी परत स्टुलावर बसले.